बागेतील मेपल : निवड आणि लागवड

मेपल हा शब्द मराठी वाचकाच्या कानी निरनिराळ्या वाटांनी पडलेला असतो. कॅनडाच्या ध्वजावर १५ फेब्रुवारी १९६५ पासून जे तांबडे पान विराजमान आहे ते ह्याच झाडाचे. काश्मीरचा चिनार पाहून आलेले प्रवासी तोही मेपलच असे पुष्कळदा सांगतात. आणि इंदूर, बडोदे किंवा बेळगाव येथील ज्या घरांतील मुले न्यू जर्सीत, टोराँटोला अथवा इंग्लंडात स्थायिक झाली, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी ऑक्टोबर महिन्यात तिकडे जाऊन ह्या झाडांचा रंगोत्सव प्रत्यक्ष पाहिलेलाही असतो. मुलाने किंवा सुनेने घर घेतले, घरापुढे थोडी मोकळी जागा आहे, तेथे शोभेचे एखादे झाड हवे, असा विषय निघाला की पहिले नाव बहुधा मेपलचे येते. ते नाव वावगे नाही. मात्र मेपल हे एक झाड नव्हे. ते एक मोठे कुळ आहे. त्या कुळातील भलते झाड भलत्या जागी लावले, तर वीस वर्षांनी त्याचा उपद्रव घरमालकाला तर होतोच, पण शेजारच्या रानालाही होतो. आणि योग्य झाड निवडूनही ते चुकीच्या रीतीने लावले, तर ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी कारण न कळता वाळून जाते.

प्रथम ओळख पटवून घेतली पाहिजे. चिनार आणि मेपल ह्यांची पाने हाताच्या पंजासारखी, आपल्याकडील एरंडाच्या पानाची आठवण करून देणारी असतात, म्हणून घोटाळा होतो. तो टाळण्यास फांदीकडे पाहावे. मेपलची पाने फांदीवर समोरासमोर, जोडीजोडीने येतात. चिनाराची एकाआड एक येतात. फळांवरूनही हे कळते. चिनाराला देठावर लोंबणारे काटेरी गोल गोंडे लागतात, तर मेपलची फळे जोडीने लागतात आणि प्रत्येकाला चतुराच्या पंखासारखा एकेक पातळ पंख असतो. फळ सुटले की ते गिरक्या घेत वाऱ्यावर दूर जाऊन पडते. चिनार हा वेगळ्याच कुळातील वृक्ष आहे.

ह्या कुळात सव्वाशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक आशिया खंडातील, विशेषतः चीन व जपानमधील आहेत. आपल्या देशातही मेपल आहेत, पण ते हिमालयात. तेथील बाहेरच्या रांगांत मेपलची एक जात अशी आहे की तिचे पान पंजासारखे नसून अखंड, लांबट व मागून पांढरट असते; पंखांची जोडफळे पाहिल्याखेरीज तो मेपल आहे हे कोणाला खरे वाटू नये. पूर्व हिमालयातील एका जातीला दार्जिलिंगचे एकेकाळचे अधीक्षक कॅम्पबेल ह्यांचे नाव दिलेले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर ह्यांनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिमालयाच्या प्रवासवर्णनात मेपलच्या मुळांवर परोपजीवी वनस्पतीमुळे येणाऱ्या गाठींची माहिती दिली आहे. त्या गाठी कोरून पहाडी लोक पेले करीत.

दख्खनच्या पठारावर, माळव्यात किंवा गोव्यात मात्र मेपल लावण्याचा हट्ट धरू नये. ह्या झाडाला हिवाळ्यात पूर्ण पानगळ होऊन काही आठवडे कडक थंडीत निजावे लागते. ती झोप मिळाली नाही तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत, आणि जे फुटतात ते एप्रिल-मेच्या झळांनी करपतात. ही गोष्ट सांगणे अगत्याचे आहे, कारण महाजालावरील दुकानांत ‘निळा मेपल’, ‘जांभळा मेपल’ अशा नावांनी बियांच्या पुड्या विकल्या जातात आणि सोबत निळ्याशार पानांची छायाचित्रे असतात. निळ्या पानांचा मेपल अस्तित्वातच नाही. ती छायाचित्रे रंग बदलून केलेली असतात, आणि पुडीतून काय उगवेल ह्याचा काही भरवसा नसतो.

आता जेथे मेपल होतो त्या देशांतील बागांकडे वळू. उत्तर अमेरिकेतील उंच मेपलांत शर्करा मेपल हा सर्वांत मानाचा. वसंताच्या तोंडाशी, रात्री गोठण आणि दिवसा ऊब अशी हवा असताना, त्याच्या खोडाला छिद्र पाडून रस काढतात आणि तो उकळून काकवीसारखा पाक करतात. सुमारे ४० लिटर रसाचा १ लिटर पाक होतो. शरदात त्याची पाने पिवळी, नारिंगी, शेंदरी अशा अनेक छटांनी पेटतात. परंतु हा वृक्ष पंचवीस-तीस मीटर उंच वाढणारा आहे. त्याला घट्ट दाबलेली माती सोसत नाही, आणि बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठही सोसत नाही. ज्याचे अंगण रस्त्याला लागून आहे त्याने ह्याचा मोह आवरावा. तांबडा मेपल त्या मानाने सोशीक. ओलसर जागीही तो तग धरतो आणि त्याचा शरदातील रंगही खात्रीचा असतो. मात्र त्याची सुकलेली पाने घोड्यांना विषारी असतात; शेजारी घोडे बाळगणारा असेल तर तो लावू नये. रुपेरी मेपल झपाट्याने वाढतो म्हणून लोक घेतात. त्याचे लाकूड ठिसूळ असते, बर्फाच्या वादळात फांद्या घरावर पडतात, आणि उथळ मुळ्या गटारांच्या नळांत शिरतात. लवकर सावली हवी एवढ्याच एका कारणासाठी तो लावणे शहाणपणाचे नाही.

सर्वांत अधिक सावधगिरी नॉर्वे मेपलविषयी बाळगली पाहिजे. हा युरोपचा रहिवासी. तेथे तो आपल्या जागी आहे आणि त्याच्याबद्दल तक्रार नाही. अठराव्या शतकात तो अमेरिकेत गेला. पुढे तेथील एल्म वृक्ष रोगाने मेले तेव्हा त्यांच्या जागी शहरोशहरी रस्त्यांच्या कडेने हाच लावण्यात आला, कारण तो धूर, दुष्काळ, वाईट माती सारे सोसतो. हा सोशीकपणाच पुढे अंगाशी आला. त्याचे बी वाऱ्याने जवळच्या रानात जाते, दाट सावलीतही रोपे उगवतात, तो स्थानिक झाडांच्या आधी पालवतो, त्यांच्यानंतर पाने टाकतो, आणि त्याच्या गर्द छायेखाली रानफुले व शर्करा मेपलची पोरसवदा रोपे गुदमरून जातात. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००९ पासून त्याची विक्री बंद केली आहे; न्यू हॅम्पशायरमध्येही ती बंद आहे. इतरत्र मात्र गडद जांभळ्या पानांची त्याची एक शोभिवंत जात ‘क्रिमसन किंग’ ह्या नावाने अजून विकली जाते आणि जपानी मेपल समजून लोक ती घेतात. ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. पानाचा देठ मोडावा. रुईसारखा पांढरा चीक आला तर तो नॉर्वे मेपल. शर्करा मेपलचा रस पाण्यासारखा स्वच्छ असतो.

लहान बागेसाठी खरा सोबती म्हणजे जपानी मेपल. जपानी भाषेतील ‘काएदे’ हे त्याचे नाव ‘बेडकाचा हात’ अशा अर्थाच्या शब्दावरून आले असे सांगतात. ‘मोमिजी’ हे दुसरे नाव पाने तांबडी होण्याच्या क्रियेशी निगडित आहे. शरदात डोंगरांवर आणि देवालयांच्या आवारात ही पाने पाहण्यास जाण्याची रीत जपानात शतकानुशतके चालत आली आहे. क्योतोचे तोफुकुजी मंदिर त्यासाठी प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच एदो शहरातील, म्हणजे आजच्या तोक्योतील, इतो इहेई ह्या माळ्याने मेपलच्या नामांकित प्रकारांची नोंद ग्रंथरूपाने छापली होती. युरोपास ह्या झाडाचा शास्त्रीय परिचय करून दिला तो कार्ल पेटर थुनबर्ग ह्या स्वीडिश वैद्याने. तो डच कंपनीच्या नोकरीत १७७५-७६ साली जपानात होता, आणि १७८४ च्या आपल्या ग्रंथात त्याने ह्या झाडाला ‘पंजासारख्या पानांचा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. इंग्लंडात जिवंत झाड पोहोचले ते १८२० साली. आज ग्लॉस्टरशायरमधील वेस्टनबर्टच्या वृक्षोद्यानात त्याचा मोठा संग्रह आहे, आणि निवड करण्यापूर्वी इंग्लंडातील रहिवाशाने ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तेथे एक फेरी मारावी हे उत्तम.

जपानी मेपलचे नावाजलेले प्रकार शेकड्यांनी आहेत आणि रोपवाटिकेत गेलेला मनुष्य गोंधळून जातो. वास्तविक आकाराचा विचार आधी केला की निवड सोपी होते. एक घराणे सरळ उभे वाढणारे, पंजासारख्या पानांचे; ते पंधरा-वीस वर्षांत चार-पाच मीटर उंची गाठते. दुसरे घराणे जाळीदार, कातरलेल्या पानांचे. ते उंच न वाढता छत्रीसारखे खाली झुकते आणि दगडाशेजारी किंवा पाण्याच्या काठी शोभते. पहिल्यांत ‘ओसाकाझुकी’ हा उन्हाळाभर साधा हिरवा असतो, पण शरदात त्याच्यासारखी अग्निज्वाळा दुसऱ्या कोणाला साधत नाही. ‘ब्लडगुड’ वसंतापासून काळसर तांबडा राहतो. ‘सांगो-काकु’ म्हणजे पोवळ्याचा खांब. त्याच्या कोवळ्या फांद्या हिवाळ्यात पोवळ्यासारख्या लाल होतात आणि चोहीकडे बर्फ असताना बागेत तेवढाच एक रंग उरतो. जाळीदार पानांच्या घराण्यात ‘क्रिमसन क्वीन’ तांबडा, ‘सेइर्यू’ हिरवा. हा सेइर्यू मात्र घराण्याची रीत सोडून उभा वाढतो. पहिल्या भेटीत लोक तांबड्या पानांकडेच ओढले जातात. परंतु सहा महिने एकच तांबूसपणा पाहून डोळा शिणतो. हिरवा मेपल ऋतूप्रमाणे तीन वेळा वेष बदलतो. ज्याच्या अंगणात एकाच झाडाला जागा आहे त्याने हिरवाच घ्यावा.

जपानी घराण्याबाहेरचा, पण लहान बागेला साजणारा आणखी एक मेपल आहे. मध्य चीनमधून अर्नेस्ट विल्सन ह्यांनी १९०१ साली आणलेल्या ह्या मेपलची दालचिनी रंगाची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते आणि मागून ऊन आले की तीतून उजेड पाझरतो. त्याची बहुतेक बीजे पोकळ असतात, म्हणून रोप महाग पडते. तो सावकाश वाढतो. ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी ह्याहून चांगले झाड थोडेच सापडेल.

पानांचा हा रंग येतो कोठून? हिरव्या द्रव्याखाली पिवळे द्रव्य आधीपासूनच असते. दिवस लहान होऊ लागले की हिरवे विरघळते आणि पिवळे उघडे पडते. तांबडे मात्र नव्याने तयार होते. देठाच्या बुडाशी बुचासारखा पडदा धरू लागतो, पानातील साखर आत अडकते, आणि स्वच्छ ऊन मिळाले की तिच्यापासून तांबडे द्रव्य बनते. दिवस उन्हाचे आणि रात्री थंड पण गोठण न आणणाऱ्या, अशी हवा मिळाली तर रंग उत्तम येतो. ढगाळ, उबदार शरदात तेच झाड फिकट राहते. हा प्रकार आपल्याला अगदी अपरिचित नाही. कोकणातील आणि गोव्यातील शाळांच्या पटांगणांत देशी बदामाची पाने गळण्यापूर्वी अशीच लाल होतात. उलट सह्याद्रीतील कुसुंब फाल्गुन-चैत्रात तांबडा दिसतो तो नव्या पालवीमुळे. एकाचा रंग निरोपाचा, दुसऱ्याचा आगमनाचा.

ह्याच कारणासाठी रोप शरदात, पाने रंगलेली असताना निवडावे. बियांपासून केलेली रोपे आईबापांसारखी निघतीलच असे नाही, म्हणून नामांकित प्रकार हे साध्या जपानी मेपलच्या खुंटावर कलम करून वाढविलेले असतात. कलमाचा जोड घट्ट, गाठ न आलेला आणि मातीच्या वर स्पष्ट दिसणारा असावा. जोडाखालून फुटवे आलेले असले तर तेही नीट पाहावे. पुढे हेच फुटवे बळावून कलमाला खाऊन टाकतात आणि तांबडे झाड हिरवे झाले असे मालकाला वाटू लागते.

जागा अशी हवी की सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारच्या कडक उन्हात सावली असेल. जाळीदार पाने आणि सोनेरी पाने तर दुपारच्या उन्हाने कडेने करपतातच. वारा हा दुसरा शत्रू. दोन घरांमधील बोळ, जेथून वारा घुसतो, ती जागा वर्ज्य. सखल खोलगटात वसंतातील उशिराचे दंव साचते आणि कोवळी पालवी एका रात्रीत काळी पडते. माती किंचित आम्ल व पाण्याचा निचरा होणारी हवी. चिकण माती असेल तर खड्डा खोल करून त्यात भरपूर खत घालण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे. चिकण मातीतील असा खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो आणि मुळ्या कुजतात. तेथे जमिनीपेक्षा सात-आठ सेंटिमीटर उंच ओटा करून त्यावर झाड लावावे आणि सभोवतीची माती उताराने आणून मिळवावी.

लावणीत सर्वांत अधिक झाडे मरतात ती एकाच चुकीने, आणि ती म्हणजे खोल लावणे. मेपलची मुळे उथळ व तंतुमय असतात. त्यांना वरच्या थरातील हवा लागते. खोडाचा तळ जेथे रुंदावून मुळांत मिळतो ती जागा जमिनीच्या वर दिसलीच पाहिजे. गंमत अशी की कुंडीत वाढविलेल्या रोपांत रोपवाटिकेनेच त्या जागेवर पाच-सहा सेंटिमीटर माती चढवून ठेवलेली असते. म्हणून कुंडीतून काढल्यावर प्रथम बोटांनी वरची माती बाजूस करून ती जागा शोधावी आणि मगच खोली ठरवावी. खड्डा मातीच्या हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण हुंडीइतकाच खोल असावा. तळाशी माती भुसभुशीत केली तर झाड पुढे खचते. कुंडीच्या आकारात गोल फिरलेल्या मुळ्या सोडवाव्यात, न सुटतील त्या कापाव्यात. तशाच ठेवल्या तर दहा वर्षांनी त्या जाड होऊन खोडाला फासासारख्या आवळतात, आणि तोवर लावणाऱ्याला काहीच कळत नाही. खड्ड्यातून निघालेलीच माती परत भरावी, पायाने तुडवू नये, पाणी घालून बसू द्यावी. लावणी पाने गळल्यावर करावी. जेथे हिवाळा अतितीव्र असतो तेथे वसंतारंभी करावी.

वर लाकडाच्या चिपा किंवा कुजका पालापाचोळा ह्यांचे पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे. अमेरिकेत हे आच्छादन खोडाभोवती वारुळासारखे रचण्याची एक फॅशन पडली आहे. देखाव्याला ती नीटनेटकी दिसते, पण साल ओली राहून सडते. आच्छादन खोडापासून चार बोटे दूर ठेवावे. पहिली दोन-तीन वर्षे, पाऊस नसेल तेव्हा, आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्यावे; रोज वरवर शिंपडल्याने मुळ्या वरच घोटाळतात. खताची घाई नको. हिरवळीला घालतात ते नत्राचे जोरकस खत मेपलच्या मुळांत गेले तर लांब, लेच्यापेच्या फांद्या सुटतात आणि रंग बिघडतो.

छाटणी थोडीच लागते. हिवाळ्याच्या अखेरीस काप घेतला तर त्यातून रस टपकत राहतो. शर्करा मेपलचा रस ज्या दिवसांत काढतात तेच हे दिवस. झाड त्याने मरत नाही, पण पाहणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. म्हणून मेलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या भर उन्हाळ्यात किंवा पानगळीनंतर लगेच काढाव्यात. झाडाचा आकार कात्रीने गोल करणे हा तर अन्याय आहे. ह्या झाडाची शोभा त्याच्या मोकळ्या, वळणदार फांद्यांत आहे.

ऐन उन्हाळ्यात पाणी व्यवस्थित असूनही एखादी फांदी एकाएकी कोमेजली, तर ती कापून लाकूड पाहावे. आत हिरवट-करडे पट्टे दिसले तर तो मातीतून येणारा मर रोग होय. टोमॅटो, बटाटे, वांगी, स्ट्रॉबेरी ह्यांनाही तोच लागतो, म्हणून जेथे वर्षानुवर्षे ह्या भाज्यांचे वाफे होते तेथे मेपल लावू नये. ह्यावर औषध नाही. रोगट फांदी काढून, पाणी नियमित ठेवून काही झाडे सावरतात, काही सावरत नाहीत. झाड गेलेच तर त्या जागी दुसरा मेपल लावून उपयोग नसतो, कारण बुरशी मातीत कित्येक वर्षे टिकून राहते. पाइन, देवदार अशी सूचिपर्णी झाडे आणि गवते ह्यांना हा रोग लागत नाही. त्या जागी त्यांतीलच काही लावावे, आणि मेपलसाठी बागेचा दुसरा कोपरा, किंवा नवी माती भरलेली एक मोठी कुंडी शोधावी.